जरा आत या, जरा बाजूला व्हा

मलकापूरचा पत्ता सांगताना आधी दोन मलकापुरं वजा करावी लागतात. रेल्वे स्टेशन असलेलं ते बुलढाण्याचं आणि कराडला चिकटलेलं ते साताऱ्याचं. उरलं ते आमचं. कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं, रत्नागिरीच्या रस्त्यावर आंबा घाट लागायच्या अलीकडचं. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली आणि प्रतिनिधींचा कारभार गडावरून मलकापुरात आला. तेव्हापासून गावाला जहागिरीचा रुबाब आहे. जहागिरी केव्हाच गेली. रुबाब तेवढा राहिला आणि हल्ली तो मुख्यतः फोटोत दिसतो.

फोटो काढणाऱ्यांचे गावात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथात जवळजवळ सगळं गाव येतं. 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' हे त्यांचं ब्रीद. खिशातून मोबाईल निघतो, बोट पडतं, मोबाईल खिशात जातो आणि खिशात पोचायच्या आत फोटो स्टेटसला लागलेला असतो. दुसरा पंथ लहान, पण पाठीवरच्या बॅगांमुळे संख्येपेक्षा जास्त जागा व्यापतो. हे लोक फोटो काढत नाहीत, 'फ्रेम लावतात'. ऊन पडलं की ते 'हार्श' म्हणून नाराज, ढग आले की 'फ्लॅट' म्हणून नाराज. दोन्हींच्या मधे जी पाचेक मिनिटं ते खूश असतात, तेव्हा नेमका बॅगेतून लेन्स शोधायचा कार्यक्रम चालू असतो.

दोन्ही पंथ ओळखायची सोपी खूण म्हणजे फोटो काढायच्या आधी माणूस काय म्हणतो ते ऐकावं. पहिला म्हणतो, "जरा आत या." दुसरा म्हणतो, "जरा बाजूला व्हा."

'आत या' वाल्यांची माया अपार. वाढदिवसाचा फोटो असेल, तर ज्याचा वाढदिवस तो आधी आत येतो, मग त्याचे आईबाप, मग शेजारी, मग "तुम्ही का लांब?" म्हणून दूधवाला. केकवर आतापर्यंत तीन पिढ्या झाकल्या गेलेल्या असतात. कडेचा माणूस फोटोत अर्धाच येतोय असं दिसलं की फोटोवाला एक पाऊल मागं सरतो, मग आणखी एक, असं करत तो अंगणात जातो आणि तिथून काढलेल्या फोटोत माणसं अंगठ्याएवढी, वर पंखा आणि खाली चपला येतात. पण सगळे येतात. एकही माणूस राहिला नाही यातच त्याचं समाधान.

'बाजूला व्हा' वाल्यांचं वैराग्य तितकंच अपार. आधी ते फ्रेममधून विजेची तार काढतात. मग खांब, मग पाण्याची टाकी, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग माणसं. शेवटी फ्रेममध्ये फक्त धुकं उरतं, आणि धुक्यावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. आमच्याकडच्या एका कलावंतानं मोठ्या कौतुकानं दाखवलेला फोटो बघून त्याच्या चुलत्यानं विचारलं होतं, "हे आपलं आंबा आहे व्हय? मला वाटलं, टीव्ही बिघडला."

खरं तर वयानं दुसरा पंथच थोरला. फ्रान्समध्ये दागेरनं 1838 च्या सुमाराला पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसांची वर्दळ होती. सगळी हलत होती म्हणून सगळी पुसली गेली. राहिला एकच गृहस्थ, कारण तो एका जागी उभा राहून बुटाला पॉलिश करून घेत होता. फोटोत आलेला जगातला पहिला माणूस म्हणून आज त्याचं कौतुक होतं. कर्तृत्व काय, तर हलला नाही. "हलू नका" या आमच्या स्टुडिओतल्या आज्ञेला असा भारदस्त इतिहास आहे.

पुढं 1888 मध्ये ईस्टमननं कोडॅक कॅमेरा काढला आणि सगळा मामला सैल सोडला. डबी 25 डॉलरची, आत 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला. बटण दाबत सुटायचं, रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला कारखान्याकडे पाठवायचा आणि दहा डॉलर दिले की धुतलेले फोटो अन् नवा रोल भरलेला कॅमेरा परत. फोटो गोल यायचे. 1900 साली ब्राउनी आला एका डॉलरला, आणि कलावंतांचा जो जळफळाट तेव्हा सुरू झाला तो आजतागायत विझलेला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात मात्र हा जळफळाट करायला दुसऱ्या पंथाला तसा जुना अधिकार आहे. बाबूराव पेंटर आमच्याच कोल्हापूरचे. सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे, आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत विलायती कॅमेरा मिळणं मुश्कील. आज आपण अशा वेळी ऑर्डर रद्द करतो आणि कंपनीला एक तारा देतो. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. 'सिंहगड'च्या वेळी, 1923 मध्ये, रात्रीचे प्रसंग रात्रीसारखे दिसावेत म्हणून कृत्रिम प्रकाश वापरून चित्रीकरण केलं. दामले, फत्तेलाल, शांताराम असे पुढं 'प्रभात' काढणारे लोक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला या सगळ्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. त्याच्यापुढं थांबून लोक भक्तिभावानं सेल्फी घेतात. सेल्फीत स्मारक डोक्यामागं जातं आणि डोकं व्यवस्थित येतं.

आमच्या लहानपणी हे पंथबिंथ नव्हते, कारण प्रत्येक फोटोला पैसे पडत. बारा फोटोंचा अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री ज्याच्या घरी, तो आळीतला सावकार. त्यावर सूर्य आणि ढग अशा खुणा होत्या, त्यातली ढगाची खूण मलकापुरात जास्त झिजलेली असायची. नंतर छत्तीसचा रोल आला. छत्तीसच्या रोलमध्ये सदतिसावा, जमल्यास अडतिसावा फोटो काढून दाखवणारा माणूस हुशार गणला जाई. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा घराघरातला कायदा. त्यामुळे एकाच रोलमध्ये गणपती, दिवाळी, नव्या म्हशीचं आगमन, थोरलीचा साखरपुडा आणि धाकट्याची मुंज असं सगळं वर्ष नांदायचं. रोल कोल्हापूरला धुऊन येईपर्यंत साखरपुडा झालेलीला दिवस गेलेले असत.

बोट आखडतं ठेवायची सवय तेव्हाची. फोटो काढायचा म्हटलं की पुरुष मंडळी मुंडासं नीट करत, बायका पदर सावरत, पोरांची शेंबडं पुसली जात आणि मग सगळे एकदम गंभीर होत. जुन्या फोटोतली माणसं बघून नव्या पिढीला वाटतं, त्या काळी फार दुःख असावं. दुःखबिःख काही नाही. हसलं आणि हललं तर एक फोटो वाया जाईल, ही काळजी.

लग्नातल्या फोटोवाल्यावर तर या आखडत्या रोलची मोठी जबाबदारी असे. स्टेजवर आहेर द्यायला आलेला माणूस पाकीट लगेच सोडत नसे. ते त्यानं एका बाजूनं धरलेलं, नवरदेवानं दुसऱ्या बाजूनं धरलेलं, दोघांच्या माना कॅमेऱ्याकडं वळलेल्या, आणि फ्लॅश पडेपर्यंत पाकिटाची मालकी अधांतरी. अशा सगळ्यांचे फोटो काढायचे तर वधूपित्याला वावर विकावं लागलं असतं. म्हणून कसलेला फोटोवाला नुसताच फ्लॅश उडवायचा. आत रोल पुढं सरकतच नसे. लखकन उजेड पडला की पाहुणा समाधानानं पंगतीकडं जाई. अल्बम आल्यावर "आमचा कुठाय हो?" म्हणून विचारणा झाली, की उत्तर तयार, "तुमच्याच वेळंला नेमकी निगेटिव्ह खराब झाली बघा." या एका वाक्यानं किती सोयरिकी वाचवल्या असतील!

आता रोल नाही, त्यामुळे फोटो फुकट आणि पाहुणे अमाप. चांगल्या फोनात तर बटण दाबायच्या आधीपासूनच आत फ्रेमा साठायला लागतात. मग तो त्यातल्या काही एकावर एक बसवतो, सावली उजळतो, आभाळ निळं करतो आणि काढणाऱ्याला वाटतं, आपण काढला. दुसऱ्या पंथाचं मूळ दुखणं हेच. तीस-चाळीस हजारांची लेन्स घेऊन, चार वर्षं घासून जे जमतं, ते मेव्हण्याच्या फोनला उपजत येतं. त्यावर हे लोक "झूम करून बघा" म्हणतात. पण लग्नाच्या फोटोत झूम करून कुणी काही बघत असेल, तर ते फक्त दागिने.

आमचा एक भाचा या दुसऱ्या पंथात नव्यानं गेला आहे. दीक्षा घेतल्यापासून त्यानं माणसांशी बोलताना त्यांच्या चेहऱ्याऐवजी कानाच्या कडेवर पडलेला उजेड बघायला सुरुवात केली. त्याला कुणीतरी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गुरूंचा 1932 चा फोटो दाखवला. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागं पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकायच्या आतला क्षण, खाली पाण्यात त्याचं हुबेहूब प्रतिबिंब. भाच्यानं तो बघितला आणि म्हणाला, साचलेल्या पाण्यात मलकापूर पॅरिसला हार जाणार नाही. हे खरंच होतं.

जुलैचे दिवस. एसटी स्टँडाच्या बाजूला ऐसपैस डबकं होतं. भाचा एक गुडघा टेकून, कॅमेरा डोळ्याला लावून बसला आणि उडीची वाट बघू लागला.

मलकापुरात कुणी उडी मारत नाही हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ गेला. पहिला गृहस्थ छत्री घेऊन आला, कॅमेरा बघून थबकला आणि सौजन्यानं म्हणाला, "काढा काढा, मी थांबतो." भाचा म्हणाला, "तुम्ही या की." तो म्हणाला, "नको नको, मधी कशाला येऊ?" दोघेही एकमेकांसाठी थांबले. शाळेच्या पोरी डबक्याला वळसा घालून गेल्या. रबरी चपलेतला एक शेतकरी आला तो डबकं नसल्यासारखा सरळ पाण्यातनं चालत गेला. आयुष्यभर भाताच्या चिखलात उभ्या राहिलेल्या माणसानं घोटाभर पाण्यावरून उडी का मारावी? तेवढ्यात एकानं विचारलं, "काय पडलंय?" भाच्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं परस्पर सांगून टाकलं, "गाडीची किल्ली असणार." मग माणसं जमली. एकानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात हात घातला आणि चाचपायला लागला. "गाडी कुठली? बुलेट?" अशी चौकशी सुरू झाली. भाचा गुडघ्यावर तसाच. मोडला असता, पण वाकला नसता.

आणि मग वडाप आलं. आंब्याकडनं भरून आलेली जीप, ड्रायव्हरला स्टँडावर आधी पोचायची घाई. ती डबक्यातनं सुसाट गेली आणि पाण्याची भिंत उठली. किल्ली शोधणारा, त्याला सल्ला देणारे, छत्रीवाले सज्जन आणि कॅमेरा पोटाशी धरलेला भाचा, सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या. एकाचाही पाय जमिनीला लागलेला नाही, छत्री उलटी होऊन वर गेलेली, खाली पाण्यात सगळ्यांची प्रतिबिंबं. हा फोटो समोरच्या चहाच्या टपरीवरच्या पोरानं एका हातात किटली धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलनं काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'मलकापूर ऑलिंपिक'.

भाचा आठवडाभर कुणाशी बोलला नाही. त्याची समजूत काढायला आम्ही त्याला त्याच्याच गुरूंची गोष्ट सांगितली. ब्रेसाँनी तो फोटो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीत लेन्स घालून काढला होता. समोरचं त्यांना धड दिसतही नव्हतं. एक फळी फोटोत आली, ती नंतर कापावी लागली. म्हणजे तिथंही नशीब होतंच. फरक एवढा, की टपरीवरच्या पोराला तो क्षण एकदा सापडला आणि ब्रेसाँना आयुष्यभर सापडत गेला. एकदा सापडायला डबकं पुरतं. पुन्हा पुन्हा सापडायला गुडघ्यावर बसावं लागतं. भाच्याला हे पटलं. मात्र गुडघ्याला चिखलातनं जंतुसंसर्ग झाल्यानं पुढचे काही दिवस त्याला उभ्यानंच कलासाधना करावी लागली.

आमच्या भागात ही साधना करणं मुळातच अवघड आहे. दिवाळी ते मे सूर्याचं आमच्याशी बरं असतं. तेव्हा जुना हिशेब चालतो. लख्ख उन्हात 100 च्या फिल्मवर सोळाचं अ‍ॅपर्चर ठेवा आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग द्या, फोटो येतो. जूनला आंब्याकडनं पाऊस शिरला की सूर्याचा संबंध तुटतो आणि बुरशीचं राज्य सुरू होतं. लोणच्यावर येते, चपलेवर येते, कपाटातल्या कोटावर येते, तशीच ती लेन्सच्या आतल्या काचेवर येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. मग सिलिका जेलच्या पुड्या आणायच्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत निळ्या करायच्या. स्वयंपाकघरात एका शेगडीवर भाकरी आणि दुसरीवर सिलिका जेल असं दृश्य आम्ही बघितलं आहे. कुणी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवतं. एका घरी पाहुण्यांच्या भातासाठी सुनेनं डब्यात हात घातला आणि हाताला 50 एमएम लागली. "ही शिजवायची का?" तिनं विचारलं. घरात त्या लेन्सची किंमत फक्त नवऱ्याला माहीत होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

बुरशीतून वाचलं तर गुलाल आहे. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाचे लोट उठतात, तेव्हा पुण्या-मुंबईचे फोटोवाले कॅमेऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून येतात. पट्टणकोडोलीच्या जत्रेत हाच प्रकार भंडाऱ्याचा. आमच्याकडं एका अनुभवी माणसाचे दोन कॅमेरे आहेत, एक आतून गुलाबी आणि एक आतून पिवळा. दैवतं दोन असली तरी सर्व्हिस सेंटर एकच, आणि तिथला मेकॅनिक हल्ली कॅमेरा उघडायच्या आधी हात जोडतो म्हणे.

दोन पंथांची समोरासमोर गाठ पडते ती मेअखेरीला, काजव्यांच्या वेळी. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की आंब्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. नर काजवा आपल्या उजेडाच्या तालावर मादीला बोलावत असतो, आणि आजूबाजूला दुसरा उजेड झाला की त्याचा सगळा संसार अडतो. दुसऱ्या पंथाची माणसं तिथं अंधारात ट्रायपॉड रोवून बसलेली असतात. एकेक फोटो वीस-तीस सेकंदांचा. असे अनेक काढायचे आणि घरी जाऊन एकावर एक बसवायचे. डास चावला तरी हलायचं नाही. अशात एक गाडी येते, हेडलाइट चालू. त्यातनं एक कुटुंब उतरतं. "कुठायत काजवे?" म्हणून बॅटरी लावली जाते. बॅटरीच्या उजेडात काजवे दिसत नाहीत म्हणून आणखी एक बॅटरी लावतात. मग, "आला बघ एक, काढ काढ!" फ्लॅश पडतो. फोटोत एक पांढरंफटक पान येतं.

अंधारातून एक कळवळलेला आवाज येतो, "अहो, जरा बाजूला व्हा हो!" त्यावर गाडीवाले प्रेमानं म्हणतात, "अंधारात एकटेच काय बसलाय? या की आमच्या फोटोत, आत या."

इथं न्याय कुणाच्या बाजूनं द्यायचा याबद्दल काजव्यांचं मत स्पष्ट आहे आणि आमचंही तेच आहे. रानात, देवळाच्या गाभाऱ्यात आणि सुतकाच्या घरी पहिल्या पंथानं खिशात हात घालावा आणि तिथंच ठेवावा.

पण घरात गोष्ट उलटते. दुसऱ्या पंथाच्या माणसाला आपल्या फोटोचं सगळं आठवतं, फक्त माणसं आणि तारखा सोडून. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी उस्तादांचं 'मूनराइज' बघा. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, खाली दफनभूमीतले क्रूस चमकतायत. मीटर सापडेना, ऊन उतरायला लागलेलं. चंद्राचा उजेड किती असतो हे डोक्यात पक्कं होतं, त्यावर मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. अशी तयारी पाहिजे! मात्र हा फोटो कुठल्या दिवशी काढला, हे काही त्यांनी लिहून ठेवलं नाही. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून 1 नोव्हेंबर 1941 ही तारीख काढून दिली. आमच्या घरच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापलेली आहे. ती चुकीची आहे, कारण कॅमेऱ्याचा सेल बदलल्यावर कुणी घड्याळ लावलंच नव्हतं. पण आहे!

आणि माणसांचं काय होतं, ते घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर कळतं. दहाव्याला फ्रेम पाहिजे असते. ज्या घरात कलावंत आहे, तिथं सगळे निर्धास्त असतात. हार्ड डिस्क उघडली जाते. आत बेडूक निघतात. मग अळंबी, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, पुन्हा बेडूक. खूप खाली गेल्यावर आजोबा सापडतात, पण मावळत्या सूर्यापुढं उभे केलेले, संपूर्ण काळे. फोटो सुंदर असतो. पण भिंतीवर लावला तर येणारा-जाणारा विचारणार, कोण हे? दुसरा सापडतो तो नुसत्या हातांचा. हातात काठी आहे, नखं स्पष्ट दिसतात. त्याला हार घालायचा कसा?

शेवटी कुणाच्यातरी मोबाईलमधला, कुठल्याशा लग्नाच्या पंगतीतला फोटो बाहेर येतो. आजोबांच्या एका हातात जिलबी आहे, मान मठ्ठ्याच्या बादलीकडं वळली आहे, एका खांद्यावर शेजारच्याचा कोपर आलेला आहे. पण चेहरा आहे, आणि चेहऱ्यावर मठ्ठा येतोय याचा आनंद आहे. फोटो स्टुडिओत जातो. स्टुडिओवाले मामा जिलबी काढतात, कोपर खोडतात, मागं निळं आभाळ घालतात आणि आजोबांना कोट चढवतात. उभ्या जन्मात ज्यांनी बंडीपलीकडं काही घातलं नाही, अशी कितीतरी माणसं आमच्या गावात भिंतीवर गेल्यावर कोटात आली आहेत. तोच कोट, तोच टाय. नीट बघितलं तर आळीतल्या चार घरांतले चार आजोबा एकाच कोटात आहेत.

हे सगळं बघून आमच्या घरी असं ठरलं, की साठीपुढच्या प्रत्येकाचा एकेक चांगला फोटो आताच काढून ठेवायचा. हा ठराव आईपुढं मांडला तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "एवढी घाई झालीया व्हय रं तुम्हांस्नी? गुडघं चालत्यात की अजून माझं." मग बँकेत द्यायला लागतो अशी थाप मारावी लागली.

पहिला मान भाच्याचा. त्यानं आजीला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं, उजेड एका गालावर घेतला, दुसऱ्या बाजूला पांढरा पंचा धरायला मला उभं केलं. मागचं कॅलेंडर उतरवलं, फडताळ सरकवलं, देवांना बाजूला व्हायला लावलं. फोटो खरोखर उत्तम आला. काळा-पांढरा, एकेक सुरकुती मोजून घ्यावी असा, डोळ्यांत खिडकी उतरलेली. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. आईनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "रंग संपला हुता व्हय रं?" भाचा म्हणाला, "आजी, ह्यात टेक्श्चर बघ." आजी म्हणाली, "ते आरशात दिसतंय रोज. त्याला फोटो कशाला पाहिजे?"

मग तिला घेऊन आम्ही स्टुडिओत गेलो. मामांची खोली दहा बाय बाराची. स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, भिंतीला निळा पडदा आणि खिळ्याला अडकवलेला कंगवा. मामांनी आईला बसवलं, हनुवटी दोन बोटांनी किंचित खाली केली, खांद्यावरचा पदर सरळ केला. "समोर बघा. हलू नका. डोळं मिटू नका." आई एकदम ताठ. जुन्या ग्रुप फोटोत असते तशी, छत्तीसचा रोल वाया जाईल या काळजीनं गंभीर. मामांनी एक फ्लॅश उडवला आणि म्हणाले, "झालं. उठा मावशी." आईनं श्वास सोडला, खांदे खाली आले, आमच्याकडं बघून ती हसली, आणि त्या हसण्यावर दुसरा फ्लॅश पडला. पहिल्या वेळी मामांनी बटण दाबलंच नव्हतं, दिवा नुसताच उडवला होता. लग्नात पाहुण्यांना फसवायला शिकलेली विद्या त्यांनी आता दुसऱ्या कामाला लावली होती.

भाचा हे बघत उभा होता. त्यानं खाली वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली आणि आदरानं विचारलं, "मामा, सेटिंग काय ठेवलंय?"

"काय की," मामा म्हणाले. "कॅमेरा आणला त्या दिवशी लावलेलं, मी परत हात नाही लावलेला. माणूस कधी हसणार तेवढं बघायचं."

पासपोर्ट साईजच्या आठ कॉप्या निघाल्या. एक मोठी करून फ्रेमसाठी ठेवायचं आमचं आधीच ठरलं होतं, पण ते तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. आईनं आठही फोटो मोजून घेतले. सहा पर्समध्ये टाकले, एक बँकेच्या नावानं मला दिला आणि उरलेला भाच्याच्या हातात ठेवून म्हणाली, "ह्यो तुझ्या बेडकांत लाव. म्हंजी सापडंल."